निर्देशांक एकशे ब्याऐंशी

चाटी गल्लीत गुरुबसप्पा आणि संगप्पा या सख्ख्या भावांची दुकानं समोरासमोर होती. मधे बारा फुटांचा रस्ता. थोरल्याकडं चादरी, धाकट्याकडं टॉवेल आणि पंचे. वडिलांच्या वेळी हे सगळं एकाच छपराखाली विकलं जाई. आता ज्याला चादरही हवी आणि टॉवेलही हवा, त्याला रस्ता ओलांडावा लागे, आणि ओलांडताना निरोपही न्यावा लागे. "समोरच्यांना सांगा, तुमच्या पत्र्याचं पाणी आमच्या पायरीवर पडतंय." गिऱ्हाईक बिचारं बारा फूट चालून तेच वाक्य पुन्हा म्हणे आणि उत्तर घेऊन परत येई. चार वर्षं दोघा भावांचं बोलणं असंच चाललं होतं.

भांडण झालं शेअरांवरून. गुरुबसप्पाला शेअर बाजाराचा नाद पहिल्यापासूनच. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यानं धाकट्याला गळ घातली, की वळसंगचा जमिनीचा तुकडा विकून आलेला पैसा बँकेत कशाला कुजवतोस, शेअर घे. संगप्पानं घेतले. जुलैत सरकारचा वटहुकूम निघाला. कंपन्यांनी भागधारकांना नफा किती वाटावा यावर बंधन आलं आणि बाजार दाणकन आपटला. संगप्पानं शेअरांचे कागद ट्रंकेत टाकले, कुलूप लावलं आणि सिद्धेश्वराच्या देवळासमोर चारचौघांत भावाला म्हणाला, "तू माझा भाऊ न्हाईस. दलाल हायस दलाल."

झालं. त्या दिवसापासून अबोला.

या अबोल्यात खरी पंचाईत झाली ती धाकट्या बहिणीची, सावित्रम्माची. पंचमीला माहेरी जायचं म्हणजे सकाळी एका घरी लाडू खायचे, संध्याकाळी दुसऱ्या घरी खायचे, आणि दोन्हीकडं "तिकडचे कसे झाले होते?" या प्रश्नाला जपून उत्तर द्यायचं. दोघी वहिन्यांनी तिच्या उत्तरावरून चार वर्षांत तिळाचं प्रमाण तीनदा बदललं होतं.

सावित्रम्माचा नवरा शंकरप्पा मैंदर्गीकर शाळेत गणित शिकवायचा. सगळी गल्ली त्याला मास्तरच म्हणे, मेहुणेसुद्धा. मास्तर दर शनिवारी 'नगरघोष' या सायंदैनिकात 'बाजाराचा होरा' नावाचं छोटं सदर लिहीत. मुंबईच्या एका इंग्रजी पत्राचा शेअर निर्देशांक मोठ्या टायपात वर, आणि खाली मास्तरांच्या चार-सहा ओळी, की पुढं काय होईलसं दिसतं. निर्देशांक म्हणजे काय हे त्यांना लोक रस्त्यात अडवून विचारत. मास्तर सांगत, "वर्गातल्या ठरावीक तीस पोरांचे गुण घ्यायचे आणि दर आठवड्याला सरासरी काढायची. एखादा गुंड्या नापास झाला तरी वर्ग वर चाललाय की खाली, ते कळतं. तसंच हे." लोक मान डोलवत आणि विचारत, "मग ह्या शनिवारी वर की खाली?"

कारण अठ्ठ्याहत्तर साल होतं आणि सोलापुराला शेअरांचं वेड लागलं होतं. सरकारी कायद्यामुळं परदेशी कंपन्यांना आपले शेअर इथल्या लोकांना विकणं भाग पडलं होतं आणि तेही स्वस्तात. बँकेपुढं अर्जासाठी रांगा लागत. गिरणीतले कारकून, शाळेतले शिपाई, यंत्रमागवाले, सगळे अर्ज भरत, आणि चिठ्ठीत नाव निघालं की मुलगा झाल्यासारखे पेढे वाटत. निर्देशांक हळूहळू चढत होता. एकशे एकोणीस, एकशे बावीस, एकशे सव्वीस. चहाच्या दुकानात लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करत.

तो शनिवार श्रावणातला पहिलाच. पंचमी चार दिवसांवर आलेली. सकाळी नऊला 'नगरघोष'चे मालक-संपादक बाळासो यांच्या भाच्याचा मुंबईहून फोन आला. मास्तर तिथंच बसले होते. फोनमध्ये खरखर फार होती म्हणून भाच्यानं एकेक आकडा सुटा सांगितला. एक, दोन, आठ. मास्तरांनी कागदावर १२८ लिहिलं, खाली सदर लिहिलं, प्रूफ वाचलं, बरोबर आहे म्हणून सही केली आणि शाळेची घंटा गाठायला सायकलवर टांग मारली.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. घाटात दरड कोसळली, त्यामुळं मुंबईची गाडी आली नाही, तिच्यातून येणारे मुंबईचे पेपर आले नाहीत आणि दुपारी फोनची लाइनही गेली. आणि इकडं छापखान्यात पान बांधताना राजेशम येमूल या जुन्याजाणत्या जुळाऱ्याच्या हातून निर्देशांकाच्या तीन आकड्यांचे मोठे खिळे खाली सांडले. राजेशमनं ते उचलले, पुसले आणि बसवले. पंचवीस वर्षांत त्याच्या हातून चूक झाली नव्हती, त्यामुळं कुणी पुन्हा बघितलंही नाही. एकचा खिळा जागेवर बसला. आठ आणि दोन यांनी जागा बदलल्या.

चार वाजता पेपर गल्लीत आला. सदराच्या माथ्यावर छापलं होतं : १८२. आणि खाली मास्तरांच्या वळणदार भाषेत : 'कालची वाढ किरकोळ आहे. वाचकांनी तिच्यामुळे हुरळून जाऊ नये. खरी तेजी दिवाळीनंतरच.'

गुरुबसप्पा त्या वेळी बार्शीहून आलेल्या मथुराबाईंना लग्नाच्या चादरी दाखवत होता. त्यानं पेपर बघितला. चष्मा काढून पुसला. पुन्हा बघितला.

"एकशे ब्याऐंशी," तो हळूच म्हणाला. मग खालच्या ओळी वाचल्या आणि त्याचा आवाज फाटला. "किरकोळ! मास्तर म्हणतो किरकोळ वाढ! म्हंजे खरी तेजी काय असंल रे देवा!"

"काय झालं हो?" मथुराबाई घाबरल्या.

"निर्देशांक वाढला, बाई!"

"कोन? नातू व्हय तुमचा?"

"नातूच समजा!" गुरुबसप्पानं त्यांच्या गठ्ठ्यावर आणखी दोन चादरी टाकल्या. "ह्या माझ्याकडनं. फुकट. न्हाई म्हणायचं न्हाई."

मथुराबाईंनी नाही म्हटलं नाही. उलट, "लई गुणाचा दिसतोय नातू," असं म्हणून त्या चादरी उचलून झटपट बाहेर पडल्या. हा माणूस भानावर यायच्या आत त्यांना एसटी गाठायची होती.

पाच मिनिटांत गल्लीत कुणी कुणाचं ऐकेना. ज्याच्याकडं वीस शेअर होते तो पन्नास असल्यासारखा चालू लागला. एका यंत्रमागवाल्यानं बायकोला कायमचा स्वयंपाक बंद करायला सांगितलं, आणि तिनं लगेच केला. त्या दिवशी त्यांना जेवण शेजाऱ्यांकडं मिळालं. श्रावणात लग्नं नसल्यामुळं बँडवाले रिकामेच बसले होते. गुरुबसप्पानं त्यांना बोलावणं धाडलं. "कुणाची वरात?" म्हणून त्यांनी विचारलं. "बाजाराची," असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी डोक्यावर टोप्या चढवल्या आणि वाजवायला सुरुवात केली. हलवायाची कढई दुकानाच्या पायरीपाशी आली. जिलब्या कढईतून थेट लोकांच्या हातात पडू लागल्या. लोक बोटं भाजून घेत होते आणि हसत होते.

शाळेचं काम आटोपून मास्तर सायकलवरून गल्लीत शिरले, तेव्हा त्यांच्या गळ्यात पहिला हार पडला. हार पंच्यांचा होता, कारण फुलं संपली होती.

"किरकोळ म्हणे!" कुणी तरी त्यांना सायकलसकट उचलायला बघत होतं. "काय माणूस हाय! एवढा आकडा, आन् डोळ्याची पापणी हलली न्हाई!"

मास्तरांनी शेजारच्याच्या हातातला पेपर ओढून घेतला. १८२.

"चूक आहे!" ते ओरडले. "छपाईची चूक! एकशे अठ्ठावीस! एकशे अठ्ठावीस आहे तो!"

बँड जोरात होता. जवळच्या चारपाच जणांनी ऐकलं. त्यांतल्या एकानं दुसऱ्याला डोळा घातला. "मास्तर हुशार हाय. लोकांनी सोमवारी तुटून पडू नये, म्हणून सांगतोय."

"अहो, देवाशपथ!"

"व्हय व्हय. तुमी जिलबी खावा."

मास्तर गर्दीतून वाट काढत गुरुबसप्पाच्या दुकानाकडं निघाले. त्याला तरी कानात सांगावं, तो ऐकेल. पण गुरुबसप्पा दुकानात नव्हता. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता. हातात परात, परातीत जिलब्यांचा डोंगर, आणि तोंड समोरच्या दुकानाकडं. कुणी खूण केली नव्हती, तरी बँड थांबला. बारा फुटांतले सहा फूट त्यानं पार केले होते. उरलेले सहा त्याला जमत नव्हते.

सावित्रम्मा आवाज ऐकून घरातून धावत आली होती. ती मास्तरांच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं तोंडावर पदर धरला होता.

संगप्पा गादीवर बसून होता. त्याच्याही मांडीवर पेपर होता. त्याच्यामागं त्याची बायको चंद्रव्वा उभी होती. तिच्या हातात ट्रंकेची किल्ली होती, म्हणजे आकडा तिकडंही पोचला होता.

"समोरच्यांना सांगा," गुरुबसप्पा गर्दीला उद्देशून म्हणाला, पण पुढं काय सांगायचं ते त्याला सुचेना. "सांगा त्यांना... मी दलाल न्हाई म्हणावं."

निरोप न्यायला कुणी पुढं झालं नाही. संगप्पा उठला. पायरीपर्यंत आला. चार वर्षांत त्याचे केस बरेच पिकले होते. गुरुबसप्पा रोज ते समोरून बघत होता, पण एवढ्या जवळून आजच दिसले.

"अण्णा," संगप्पा म्हणाला. "पेपर वाचायच्या आधीबी मला ठावं होतं. पण बोलायचं कसं, ते कळत नव्हतं."

"तम्मा," गुरुबसप्पा म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस हुंदका देऊन रडू लागला. परात कुणी तरी वेळेवर धरली. दोघं भाऊ रस्त्याच्या मधोमध एकमेकांच्या गळ्यात पडले. बँडवाल्यांनी न सांगता सगळ्यात जोरकस चाल धरली, तीही चुकीची, मुलगी सासरी जाताना वाजवायची. सगळी गल्ली रडत, हसत नाचू लागली.

मास्तरांनी पाऊल उचललं. सावित्रम्मानं त्यांचा हात धरला.

"अहो, कुठं निघालात?"

"सांगायला. आकडा खोटा आहे. एकशे अठ्ठावीस हवा."

तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग भावांकडं. "उद्या रविवार. बाजार बंद?"

"बंद."

"म्हणजे उद्या कुणाला शेअर घेता येणार न्हाईत, विकता येणार न्हाईत?"

"नाही."

"मग सोमवारपर्यंत कुणाचं काय बुडतंय?"

"जिलब्या बुडतायत!"

"जिलबी खाऊन आजवर कुणी गरीब झालेलं मी बघितलं न्हाई," सावित्रम्मा म्हणाली. "मी तुमाला खोटं बोला म्हणत न्हाई. पण ह्या क्षणाला बोलू नका. एवढंच."

मास्तर थांबले. पण गणिताचा मास्तर तो. चुकीचं उत्तर फळ्यावर दिसलं की झोप यायची नाही. दोघं भाऊ संगप्पाच्या घरी चहाला गेल्यावर मास्तर 'नगरघोष'च्या कचेरीबाहेर गेले. तिथं ताज्या बातम्यांचा फळा होता. त्यांनी खडू घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिलं : 'चूकदुरुस्ती. १८२ नव्हे. १२८.' खाली सही केली.

फळा पुष्कळांनी वाचला. चौकातल्या मटका लावणाऱ्यांनी त्या दिवशी एक-दोन-आठ लावला. बाकी कुणावर परिणाम झाला नाही.

रविवारी सकाळी मास्तर पुन्हा मेहुण्यांकडं गेले, कारण फळ्यानं काम झालं नव्हतं. दोघं भाऊ संगप्पाच्या ओसरीवर शेंगापोळी खात बसले होते आणि एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नव्हते. चार वर्षांचं बोलणं साचलेलं. गुरुबसप्पा म्हणत होता, की मधली भिंत... मग त्याच्या लक्षात आलं, की भिंत नाही, रस्ता आहे, तेव्हा रस्त्यावरून पूल बांधायचा. इकडून चादरी, तिकडून टॉवेल. संगप्पाला विमान घ्यायचं होतं. "कशाला?" असं चंद्रव्वानं विचारलं. "सांगोल्याच्या काकाला दाखवायला," तो म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं.

मास्तर समोर बसले. "दोघंही ऐका. मी सदर लिहितो, मी फोन ऐकला. आकडा एकशे अठ्ठावीस आहे. खिळे उलटे बसले."

दोघा भावांनी तोंडातला घास संपवला. मग संगप्पा भावाकडं वळला. "अण्णा, आपला मास्तर लई भिडस्त हाय."

"पहिल्यापासनंच," गुरुबसप्पा म्हणाला. "लग्नात बी हुंडा न्हाई म्हणाला होता. खा हो मास्तर, पोळी खा."

मास्तरांनी पोळी खाल्ली. चांगली झाली होती.

सोमवारी घाट मोकळा झाला. दहाच्या सुमाराला मुंबईचे तीन दिवसांचे पेपर एकदम आले. चहाच्या दुकानात एकानं शनिवारचा अंक उघडला, आणि बातमी पाण्याच्या लोंढ्यासारखी गल्लीत शिरली. एकशे अठ्ठावीस. राजेशम येमूल हातात तीन खिळे घेऊन स्वतःच बाळासोंपुढं उभा राहिला. बाळासोंनी कपाळावर हात मारला. पण 'नगरघोष'च्या शनिवारच्या अंकाची एकही प्रत उरली नव्हती आणि लोक अजून मागत होते, म्हणून ते त्याला रागावू शकले नाहीत. यंत्रमागवाल्याची बायको पदर खोचून चुलीपाशी गेली आणि म्हणाली, "दोन दिस बरे गेले."

मास्तरांनी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि गल्ली गाठली. सावित्रम्मा त्यांच्याबरोबर होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आता भाऊ पुन्हा तोंड फिरवणार, पंचमीला पुन्हा दोन घरं, आणि या वेळी कायमची.

गुरुबसप्पा गादीवर बसला होता. समोर मुंबईचा पेपर. त्याच्या अंगातली हवा गेल्यासारखी दिसत होती. तो मास्तरांना म्हणाला, "तुमी सांगत होता."

"हो."

"आमीच ऐकलं न्हाई." त्यानं समोर बघितलं. समोरच्या दुकानात संगप्पा पाठमोरा उभा राहून टॉवेल लावत होता. एकच टॉवेल तो तीनदा घडी करत होता. "आता त्यो म्हणंल, अण्णानं पुन्यांदा फसवलं."

सावित्रम्मा पायरीवर बसली.

तेवढ्यात संगप्पानं टॉवेल खाली ठेवला आणि तो रस्ता ओलांडून आला. गल्लीतली सगळी माणसं आपापल्या दारात कामं काढून उभी राहिली. तो गुरुबसप्पाच्या पायरीवर चढला, आत आला आणि भावासमोर मांडी घालून बसला.

"मास्तर," तो म्हणाला. त्याचा आवाज कडक होता. "मी ट्रंकेला कुलूप लावलं, त्या वेळी हा निर्देशांक किती होता?"

मास्तरांकडं वही असायचीच. त्यांनी पानं उलटली. "चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तर साली चौऱ्याहत्तर, म्हणून माझ्या लक्षात होता."

"आन् मी शेअर घेतले तवा?"

"शंभराच्या आसपास."

"आन् आज?"

"एकशे अठ्ठावीस."

संगप्पानं बोटांवर काही तरी मोजलं. मग पुन्हा मोजलं. "म्हंजे मी बुडालो न्हाई?"

"तुमचे नेमके कागद बघावे लागतील. पण बाजार म्हणाल, तर तो कुलपापासून चोपन्न अंकांनी वर आला आहे."

"कधी आला?"

"हळूहळू. तुम्ही बोलत नव्हता त्या चार वर्षांत."

मग गुरुबसप्पाला आतून हसू फुटू लागलं. खांदे उडायला लागले. "चार वर्सांत चोपन्न," तो म्हणाला. "मास्तर, आणखी चार वर्सं ह्यो माझ्याशी बोलला न्हाई तर?"

मास्तरांना हिशेब करू नये असं फार वाटलं, पण सवय. "त्याच गतीनं? एकशे अठ्ठावीस अधिक चोपन्न..." ते थांबले. त्यांनी वहीत पुन्हा मांडून बघितलं. "एकशे ब्याऐंशी."

आधी संगप्पा हसला. त्याला हसू आवरेना म्हणून तो चादरींच्या गठ्ठ्यावर आडवा झाला. गुरुबसप्पा गादीवर मुठी आपटत होता. "मास्तर, छापा! छापा हे! ह्यो होरा छापा!" असं ओरडायचा प्रयत्न करत होता, पण शब्द निघत नव्हते. मास्तर, ज्यांना आयुष्यात कुणी खळखळून हसताना बघितलं नव्हतं, ते टोपी हातात घेऊन डोळे पुसत होते.

"अरे, झालं काय? मला सांगा की कुणी तरी," सावित्रम्मा पायरीवरून विचारत होती. तिला बेरीज ऐकू आली नव्हती. कुणी उत्तर देऊ शकत नव्हतं. दारादारांतून माणसं जवळ येऊ लागली, तीही काय झालं ते विचारू लागली, आणि तीन हसणाऱ्या माणसांकडं बघून, काहीच कळलेलं नसताना, एकेक करून हसू लागली.